नियम एकोणीस आणि मर्लबाईंची काठी

मी काठी बोलतेय. आवाज जरा दबलेला वाटेल, कारण सध्या मी प्लास्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीला सील आहे, सीलवर नंबर आहे, आणि माझ्यावर अफू बाळगल्याचा संशय आहे. घाबरून उठू नका. मी चांगल्या घरातली आहे. कशी इथवर आले ते ऐका आणि मग काय ते ठरवा.

माझा जन्म मेलबर्नच्या उत्तरेला, जिथे आगगाडीचा रूळ संपतो तिथल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. दर मंगळवारी निवृत्त झालेले पुरुष तिथे जमतात, रंधा मारतात, चहा पितात आणि सरकारला शिव्या देतात. बाकीचे दिवस ते घरी बसून हेच करतात, पण घरी रंधा नसतो. मी वॉटलच्या लाकडाची. म्हणजे तुमच्या बाभळीची चुलत बहीणच म्हणा. लाकूड चिवट आणि नात्याला पक्कं.

मला घडवलं क्लाइव्हने. त्याच्या मोठ्या बहिणीचा, मर्लबाईंचा गुडघा गेला होता आणि तिचा सत्तरावा वाढदिवस जवळ आला होता. त्या दिवशी शेडमधल्या रेडिओवर नावेतून येणाऱ्या लोकांबद्दल काहीतरी चाललं होतं. क्लाइव्हला ह्या विषयाचा फार राग. रंध्याच्या एकेका हातासरशी तो एकेका माणसाला परत पाठवत होता. माझ्या अंगावरून जेवढे ढलपे निघाले तेवढी माणसं त्या दुपारी समुद्रात परत गेली. क्लाइव्हचे आजोबाही ह्या देशात नावेतूनच आले होते. पण ती नाव मोठी होती, असं तो म्हणतो.

मुठीला मात्र त्याने तीन दिवस घासलं. म्हणाला, ताईचा हात सोलायला नको.

काठीचं काम एकच. माणूस पडता कामा नये. बाकी जग कसंही चालो. पण त्या एका कामाची काळजी किती असते म्हणून सांगू! फरशी ओली दिसली की मी पायाचं रबर घट्ट रोवते. पायरी दिसली की मोजत बसते. मर्लबाई झोपल्या तरी मी भिंतीशी जागीच असते. आता उठतील, आता मला न घेताच चालायला लागतील, आता पडतील. लेकरू नुकतं चालायला लागलं की आईचं जसं होतं, तसं माझं रोजच होतं.

मर्लबाईंनी एका शाळेचं उपाहारगृह तीस वर्षं चालवलं होतं. नवरा गेला, शाळा सुटली, राहिल्या चार कोंबड्या. घरात बोलायला कोणी नाही. म्हणून त्या 'गुरुवार मंडळा'त गेल्या. दुसऱ्या देशातून जीव वाचवून आलेल्या आणि इथे कुंपणाच्या आत ठेवलेल्या लोकांना भेटायला जाणाऱ्या माणसांचं हे मंडळ. दर गुरुवारी भेटायला जायचं, एकेकाने एकेकाशी मैत्री करायची. मंडळाची प्रमुख फिलिपा. बाई मनाने चांगली, पण तिला कागदाचं फार वेड. मैत्री कशी करावी ह्याची तिने चार पानं छापली होती. मिठी मारू नका. वचन देऊ नका. घरचा पत्ता देऊ नका. रडू नका, आणि रडू आलंच तर गाडीत जाऊन रडा.

दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाची सभा भरायची. प्रत्येकीने घरून केक आणायचा. स्पर्धा नव्हती, पण कुणाचा केक आधी संपतो ह्यावर सगळ्यांची बारीक नजर असे. सभेत निम्मा वेळ आतल्या लोकांच्या दुःखावर बोलणं चाले, निम्मा वेळ केकवर. केकवरचं बोलणं जास्त अभ्यासाचं असे. बिचाऱ्या करणार काय? आत घरचं शिजवलेलं न्यायला बंदी. कारखान्यात बंद झालेलं, लेबल लावलेलं पाकीटच चाले. म्हणजे ज्यांच्यासाठी माया उतू जायची त्यांना बाजारची बिस्किटं, आणि माया केली म्हणून आपापसांत केक.

आत जायचं तर पाच दिवस आधी अर्ज करावा लागे. अर्जात विचारलेलं असे, ज्यांना भेटायचंय त्यांच्याशी तुमचं नातं काय? मर्लबाईंनी त्या माणसाचं तोंडही पाहिलं नव्हतं. फिलिपा म्हणाली, 'मैत्रीण' असं लिही. मर्लबाईंनी लिहिलं. अशी त्यांची मैत्री आधी झाली आणि ओळख मग पाच दिवसांनी.

त्या केंद्राला तुरुंग म्हणायचं नाही. कुंपण आहे, तारा आहेत, पहारेकरी आहेत, दरवाजाच्या मागे दरवाजा आहे, पण तुरुंग नाही. तुरुंगात माणसाला किती वर्षांनी सुटणार ते सांगतात. इथे ती सोय नाही.

दारातच एक वास घेणारं यंत्र होतं. पहारेकरी कागदाची पट्टी तुमच्या हातांवरून, बुटांवरून, पिशवीवरून फिरवतो आणि यंत्राच्या तोंडात घालतो. कुठे अमली पदार्थाचा अंश सापडला तर लाल दिवा. लाल दिवा लागला की घरी जा. एकदा त्या यंत्राने ऐंशी वर्षांच्या एका ननला परत पाठवलं होतं. हाताला लावायचं क्रीम होतं म्हणे. मलाही दर वेळी वरपासून खालपर्यंत पुसलं जाई. पहिल्यांदा मला फार लाज वाटली.

पुसणारा पहारेकरी बहुतेक वेळा सेमिसी असे. टोंगा बेटावरचा, दरवाजाएवढा रुंद माणूस. रविवारी चर्चमध्ये गातो. मर्लबाईंना आजी म्हणे आणि मला पुसताना हळूच पुसे.

ज्याच्याशी मैत्री झालेली होती तो नौरोज. अफगाणिस्तानातल्या डोंगराळ मुलखातला, हजारा जमातीचा माणूस, पस्तिशीचा, बोलताना मान जराशी तिरकी ठेवणारा. नावेतून आला होता आणि चार वर्षं आत होता. मर्लबाईंनी फिलिपाचा कागद पाठ केला होता. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "तुला तुझ्या दुःखाबद्दल बोलायचंय का?"

नौरोज म्हणाला, "खाला, दुःख कुठे पळत नाही. आधी बिस्किट घ्या. गुडघ्याला काय झालं?"

मावशीला त्यांच्याकडे खाला म्हणतात. आणि बिस्किटं त्याची होती. आतल्या लोकांना आठवड्याला काही गुण मिळत, त्यावर आतल्या दुकानातून वस्तू घेता येई. त्याने आठवड्याचे गुण वाचवून पाहुणीसाठी क्रीमची बिस्किटं आणि कागदी पेल्यात चहा मांडून ठेवला होता. तासभर गुडघ्यावर बोलणं झालं. मग कोंबड्यांवर. त्याच्या आईकडेही कोंबड्या होत्या. मर्लबाईंची तांबडी कोंबडी अंडी का देत नाही ह्याची त्याने तीन कारणं सांगितली, आणि त्यातलं दुसरं खरं निघालं. आधार द्यायला गेलेली बाई पोट भरून आणि सल्ला घेऊन परत आली.

उठताना मर्लबाईंनी विचारलं, पुढच्या वेळी काय आणू? तो म्हणाला, "काही आणू नका. नुसत्या या."

दोन वर्षं त्या नुसत्या जात राहिल्या. मंडळात किती आले, किती गेले. नवीन वर्षाला उत्साहाने येत आणि ईस्टरपर्यंत कुणाची पाठ धरे, कुणाचा कुत्रा आजारी पडे. एक गृहस्थ गिटार घेऊन आले. ते चार गुरुवार गायले आणि मग आतल्या लोकांनीच फिलिपाला विनंती केली, की आमच्यावर उपकार करा आणि ह्यांना थांबवा. मर्लबाई मात्र गाडी बदलून, बस पकडून, मला टेकत टेकत पोचत. आणि हो, त्यांनी एक नियम मोडला. नौरोजला नाताळला कोंबड्यांचं चित्र काढून पाठवायचं होतं, म्हणून त्याला घरचा पत्ता आणि फोन नंबरही दिला.

मग तो गुरुवार आला.

सकाळची वेळ. मर्लबाई कपडे धुवायच्या खोलीत गेल्या. दोन्ही हातांत कपडे, म्हणून मला दाराला टेकवून ठेवलं. दोन पावलांचं तर अंतर. साबणाचं पाणी सांडलं होतं. मला दिसत होतं हो! त्यांना दिसलं नाही. त्या पडल्या, दाराला धक्का लागला, मीही आडवी झाले. त्यांच्या हाताच्या आणि माझ्या मध्ये वीतभर अंतर राहिलं. तीन तास. त्या वीतभराला मी आयुष्यभर विसरणार नाही. स्वयंपाकघरात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

फोन नौरोज करत होता. भेटीची वेळ टळून गेली होती. त्याच्या शेजारच्या टेबलावरचे म्हणाले, कंटाळली असेल बाबा, सगळेच कंटाळतात. तो म्हणाला, तांबडी आजारी आहे, ती बातमी सांगायला खाला आल्याशिवाय राहणार नाही. आणि त्याने आणीबाणीच्या नंबरवर फोन लावला. पुढचं बोलणं त्यानेच नंतर आम्हाला सांगितलं.

पलीकडची बाई म्हणाली, "आपण त्यांच्या घरी आहात का?"

"नाही. मी डिटेन्शन केंद्रात आहे. मला बाहेर पडता येत नाही, पण तुम्हाला आत जाता येईल. मागच्या दाराची किल्ली कोंबड्यांच्या दाण्याच्या डब्यात आहे. त्या डब्याला झाकण घट्ट बसतं, डबा पायाने दाबून धरा आणि ओढा."

रुग्णवाहिका आली. मर्लबाईंना उचललं, ढकलगाडीवर घातलं. त्या गाडीचं चाक माझ्या मुठीवरून गेलं आणि मुठीला केसभर फट पडली. मला दुखलं नाही. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं.

इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं. फिलिपा धावत आली. मर्लबाई शुद्धीवर आहेत हे पाहून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नियमाप्रमाणे ती गाडीत जाऊन रडून आली आणि परत येऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "पण त्याला पत्ता कुणी दिला?"

क्लाइव्ह पलंगाशी बसून होता. मग मला उचलून माझ्या पायाचं झिजलेलं रबर काढून नवीन बसवलं. फट पाहिली. म्हणाला, लाकूड आहे, चिरणारच, मंगळवारी भरून टाकतो. तो मंगळवार काही आला नाही. पुढचं सगळं रामायण त्या न आलेल्या मंगळवाराचं आहे.

घरी आल्यावर मर्लबाईंनी जाहीर केलं, की नौरोजला सोडवायचा आणि मागच्या खोलीत ठेवून घ्यायचा. क्लाइव्हचा चहा नाकातून आला.

"ताई, घरात घेणार? ओळख ना पाळख."

"ओळखीतला कोण आला होता रे मला फरशीवरून उचलायला?"

क्लाइव्ह म्हणाला, मंगळवारी माझा फोन बंद असतो. मर्लबाई म्हणाल्या, त्या दिवशी गुरुवार होता. तो विषय तिथेच संपला.

सोडवायचं म्हणजे सोपं नव्हतं. खात्याचा अधिकारी तीन महिन्यांतून एकदा केंद्रात येई. जो कोणी आपल्या घरी ठेवायला तयार असेल त्याने त्याच दिवशी, अधिकाऱ्यासमोर, स्वतः येऊन सही करायची. टपालाने चालत नाही, फोनवर चालत नाही. तारीख मिळाली शुक्रवारची, सकाळी साडेदहाची. अकराला अधिकारी निघून जाणार. आणि नौरोजचं नाव दुसऱ्याच एका यादीत लागलं होतं. पुढच्या आठवड्यात काही लोकांना देशाच्या पार पश्चिम टोकाच्या केंद्रात हलवणार होते. विमानाने चार तास. तिथे गुरुवार मंडळ नव्हतं, आणि मर्लबाईंचा गुडघा तिथवर पोचणारा नव्हता. शुक्रवारी सही झाली तर माणूस घरी येणार, नाहीतर पुन्हा कधी दिसेल ह्याचा भरवसा नव्हता.

बुधवारची सभा आली. मर्लबाईंनी ठरवलं, शुभकार्याआधी तोंड गोड झालं पाहिजे. त्यांचा हातखंडा पदार्थ म्हणजे संत्र्याचा आणि खसखशीचा केक.

आता तुम्ही हुशार आहात. तुमच्यातलं कोणी आखातात नोकरीला गेलं असेल तर बॅगेत खसखस नेऊ नको हे त्याला सगळ्या आळीने सांगितलं असेल. इथे कोणी सांगणारं नव्हतं. पीठ कालवताना फोन वाजला, आणि मर्लबाईंनी बरबटलेल्या हातानेच माझी मूठ धरली. खसखशीचे पाच-सहा दाणे फटीत गेले. मला गुदगुल्या झाल्या. मी गप्प बसले. बोलायला हवं होतं, पण काठीचं ऐकतं कोण?

केक सगळ्यांत आधी संपला.

शुक्रवारी सकाळी मर्लबाईंनी काळजीने तीनदा हात धुतले. मला कोणी धुतलं नाही. फिलिपाने गाडीने पोचवलं. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दारात. सेमिसीने हात पुसले, हिरवा दिवा. बूट पुसले, हिरवा. पर्स, हिरवा. मग माझ्या अंगावरून पट्टी फिरवली, मुठीच्या फटीवरून हलकेच. यंत्र विचार करायला लागलं. आणि लाल दिवा लागला.

सेमिसीने यंत्र पुसून पुन्हा पट्टी घातली. पुन्हा लाल. आतून त्यांचा पाळीप्रमुख आला, चष्मा कपाळावर चढवून पडद्यावर वाचलं. म्हणाला, "अफूच्या जातीचं काहीतरी आहे."

बहात्तर वर्षांच्या मर्लबाई आणि मी. दोघीही एकमेकींकडे बघत राहिलो.

पाळीप्रमुख म्हणाला, मॅडम, आज आत जाता येणार नाही. मर्लबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. तीस वर्षं चारशे पोरांना रांगेत उभं केलेली बाई ती. त्यांनी विचारलं, यंत्राचा राग माझ्यावर आहे की काठीवर? नियमांचं पुस्तक निघालं. पानं उलटली. त्यात लिहिलं होतं, संशयित वस्तू पाहुण्यापासून वेगळी करावी. पाहुण्याबद्दल काही नव्हतं. मग मला काऊंटरवर आडवं ठेवलं आणि मर्लबाईंना सांगितलं, तुम्ही जाऊ शकता.

"कशी?" मर्लबाई म्हणाल्या.

तिथून अधिकाऱ्याच्या खोलीपर्यंत भिंतीकडेने वीस पावलं, मग एक उघडं अंगण, मग उतार. चाकाची खुर्ची मागितली. तिच्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी हवी, पाच दिवस आधी. फिलिपाला बरोबर येऊ दे म्हटलं. तिचा आजचा अर्ज नव्हता. मग सेमिसीने हात द्यावा म्हटलं. पाळीप्रमुख म्हणाला, कर्मचाऱ्याने पाहुण्याला हात लावायचा नाही, मागे कुणीतरी तक्रार केली होती. म्हणजे बघा, माणसाला न पडू देण्याचा एकही नियम त्या पुस्तकात नव्हता.

घड्याळात दहा पस्तीस झाले होते.

मर्लबाईंनी पर्स गळ्यात अडकवली आणि भिंत धरून निघाल्या. माझ्याशिवाय. मी काऊंटरवरून बघत होते. एक पाऊल. दुसरं. मी पावलं मोजत होते. वीस पावलं झाली, भिंत संपली. पुढे नुसतं अंगण. भिंतीच्या टोकाला हात ठेवून त्या उभ्या राहिल्या.

सेमिसीने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्याने पुस्तक ओढलं, बोट फिरवत फिरवत एक पान काढलं आणि गंभीर आवाजात म्हणाला, "साहेब, ह्या आजी सहकार्य करत नाहीयेत."

"काय करतायत?"

"भिंत सोडत नाहीयेत."

पाळीप्रमुखाने चष्मा खाली घेतला. "मग?"

"नियम एकोणीस. सहकार्य न करणाऱ्या पाहुण्याला दंडाला धरून नेता येतं."

"कुठे?"

"कुठे ते लिहिलेलं नाही."

पाळीप्रमुखाने नियम एकोणीस वाचला. मग पुन्हा वाचला. मग त्याला आत कसलं तरी काम आठवलं आणि तो निघून गेला.

सेमिसी मर्लबाईंजवळ गेला आणि त्याने त्यांचा दंड धरला. दुधाची किटली धरावी तसा. म्हणाला, "आजी, थोडा विरोध करा. कागदावर बरं दिसतं."

मर्लबाईंनी एकदा माझ्याकडे वळून पाहिलं. मग मोठ्यांदा म्हणाल्या, "सोड मला, राक्षसा." आणि आपला सगळा भार त्याच्यावर टाकला.

दरवाजा बंद झाला. पुढचं मला दिसलं नाही. काठीच्या आयुष्यात ह्याहून वाईट काय? अंगण ओलं असेल का? उताराला कठडा असेल का? त्या धिप्पाड माणसाची पावलं मोठी, त्यांची छोटी. फिलिपा बाहेरच्या बाकावर आपलेच चार कागद फाडून त्यांच्या बारीक बारीक पट्ट्या करत होती. अकरा वाजले. अधिकारी काळी बॅग घेऊन समोरून निघून गेला. मर्लबाई नाहीत. अकरा वाजून दहा मिनिटं झाली. मला वाटलं, पडल्याच.

मग त्या आल्या. तशाच, दंडाला धरलेल्या. दुसऱ्या हातात सही केलेल्या कागदाची प्रत होती.

आत काय झालं ते त्यांनी फिलिपाला सांगितलं. आपल्या खालाला पहारेकरी धरून आणतोय हे पाहून नौरोज ताडकन उभा राहिला. सहा वर्षांत कधी आवाज न चढवलेला माणूस. म्हणाला, "त्यांना सोडा. जे काय असेल ते माझं आहे, मला न्या. सही नको, काही नको." अधिकारी गोंधळून बघत राहिला. मर्लबाई म्हणाल्या, "खाली बस वेड्या. हा मला आधार देतोय, पण ते कुणाला सांगू नकोस." आणि सही केली. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. सेमिसीने वहीत लिहिलं, पाहुणीला बळाचा वापर करून नेण्यात आलं, तिने पुष्कळ विरोध केला.

पश्चिमेला जाणाऱ्या यादीतून नौरोजचं नाव निघालं. अकरा आठवड्यांनी तो सुटला. एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं सामान होतं. पिशवीला सील आणि सीलवर नंबर.

आणि मी? मला त्याच शुक्रवारी ताब्यात घेतलं. पुढच्या तपासणीसाठी. मलाही सील केलेली पिशवी आणि नंबर मिळाला. तेव्हापासून दारातल्या काचेच्या कपाटात, जप्तीच्या फळीवर आहे. माझ्या एका बाजूला एक बासरी आहे, दुसऱ्या बाजूला घरगुती लोणच्याची बरणी. बरणी तीन वर्षं आहे. ती म्हणते, पहिलं वर्ष जड जातं. माझी चौकशी कुठवर आली विचारलं तर सांगतात, प्रकरण विचाराधीन आहे. माझा गुन्हा काय ते ठरलेलं नाही, म्हणून शिक्षा किती तेही ठरत नाही.

मर्लबाईंना ॲल्युमिनियमची काठी मिळाली आहे. उंची कमीजास्त करता येते म्हणे. आपली उंची जी वाटेल तशी बदलते तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, मला कळत नाही. पण आता घरात नौरोज आहे. फरशी तो पुसतो, पाणी सांडलं की आधी त्याला दिसतं. मी रात्रंदिवस जी काळजी केली ती आता दुसरं कोणीतरी करतंय, हे कळल्यापासून मला थोडी झोप लागते. मंगळवारी क्लाइव्ह त्याला शेडमध्ये घेऊन जातो. नावेतून येणाऱ्यांबद्दलचं त्याचं मत काही बदललेलं नाही. फक्त म्हणतो, हा त्यातला नाही, ह्याला रंधा धरता येतो.

दर गुरुवारी नौरोज इथे येतो. मंडळाबरोबर. आत जायची परवानगी त्याला अजून मिळत नाही, कारण अर्जात आधी कुठे राहत होता ते लिहावं लागतं. मंडळ आत जातं आणि तो बाहेरच्या खोलीत काऊंटरवर येतो. माझ्या सुटकेचा अर्ज त्याने भरला आहे. त्यातही एक प्रश्न होता, वस्तूशी तुमचं नातं काय? त्याने लिहिलं, 'मित्र'.

काऊंटरवरच्या बाईला तो विचारतो, काही कळलं का? ती म्हणते, अजून नाही. तो विचारतो, किती दिवस लागतील? ती म्हणते, सांगता येत नाही. तो मान तिरकी करून हसतो. हे वाक्य त्याच्या इतकं ओळखीचं आहे, की जुना शेजारी भेटल्यासारखा तो त्याला मान हलवतो.

मग काचेसमोरच्या बाकावर बसतो आणि मला घरचं सगळं सांगतो. तांबडी पुन्हा अंडी द्यायला लागली. खालाचा गुडघा थंडीत दुखतो. मागच्या खोलीची खिडकी उघडते, बंद होते, तो स्वतः उघडतो आणि स्वतः बंद करतो. येणारे जाणारे बघतात, एक माणूस काठीशी बोलतोय. बघू देत. त्याच्या वेळी एक बाई त्याच्याशी कोंबड्यांबद्दल बोलायची, तेव्हाही लोक बघायचेच.

तर मंडळी, माझं एवढंच सांगणं. तुमच्याही गावात कुठेतरी कुंपणाच्या आत, काचेच्या मागे, नंबर लावून ठेवलेलं कोणी ना कोणी असेलच. त्याला भेटायला जा. काही आणू नका, आणलेलं तसंही दारातच अडवतात. नुसते या.

फक्त निघण्याआधी हात स्वच्छ धुवा. आणि काठी असेल तर तिची मूठही.